मोतीबिंदू निघतो, काचबिंदू सांभाळावा लागतो

सहेरीच्या ताटातले अब्बांना नीट दिसेनासे झाले, की घरात निदान ठरलेले असते: मोतीबिंदू आला. ते बहुधा खरेही असते. पण तपासणीत कधी कधी त्याच डोळ्यात काचबिंदूही निघतो. मग डॉक्टर दोन्हींची शस्त्रक्रिया एकाच वेळी करण्याचा सल्ला देऊ शकतात.

घोळ होतो तो अपेक्षांचा. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की धुके हटते. काचबिंदूत दृष्टीची नस खराब होत जाते, आणि त्यामागे बहुतेकदा डोळ्यातला वाढलेला दाब असतो. त्यात गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली वाचवता येते. त्यासाठी वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक झडप करून आतल्या पाण्याला वाट देतात. 1968 पासून प्रचलित झालेल्या या पद्धतीचे नाव ट्रॅबेक्युलेक्टॉमी.

दाब उतरला की अनेकांचे थेंब कमी होतात, काहींचे बंदही होतात. मात्र जखम भरताना ती वाट बुजू शकते, किंवा पाणी जास्त वाहून दाब फारच खाली जाऊ शकतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतल्या तपासण्या शस्त्रक्रियेइतक्याच महत्त्वाच्या. ‘आता दिसतंय की,’ म्हणून त्या टाळणारा रुग्ण उरलेली नजर पणाला लावतो.

रमजानमध्ये काहीजण रोजा तुटेल या भीतीने थेंब सोडतात. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 मध्येच डोळ्यांच्या थेंबांनी रोजा तुटत नाही, असा निर्णय दिला आहे. दिवसातून दोनदा घालायचे थेंब सहेरी आणि इफ्तारच्या वेळीही बसवता येतात. वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावी. शस्त्रक्रियेनंतर काही काळ डोके खाली झुकवायची मनाई असते. तेव्हा खुर्चीवर बसून, इशाऱ्याने सजदा करण्याची सवलत आहे. हीच मनाई सूर्यनमस्कार घालणाऱ्या शेजारच्या काकांनाही लागू आहे. शीर्षासनाने तर डोळ्यातला दाब चांगलाच वाढतो.

काचबिंदू रक्ताच्या नात्यातही उतरतो आणि सुरुवातीला बहुधा दुखत-खुपत नाही. तेव्हा अब्बांना तपासायला नेणाऱ्या मुलांनी त्याच फेरीत आपल्याही डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.