काटा वर चढतो तेव्हा

मे महिन्याच्या सुट्टीत मला घ्यायला बाबा पुणे स्टेशनवर आले होते. गप्पा मारत साताऱ्याच्या दिशेने निघालो आणि खंबाटकी घाटात अडकलो. सुट्टीची गर्दी, समोर गाड्यांची लांबच लांब रांग. दहा पावले पुढे, पाच मिनिटे थांबा. तेवढ्यात तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर सरकू लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, झाकणावर हातरुमाल टाकला आणि ते रेडिएटरचे झाकण फिरवणार, इतक्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "साहेब, हात लावू नका!"

त्या ओरडण्यामुळे बाबांचा हात वाचला. तो कसा, हे मला त्या दिवशी कळले नव्हते. पाऊण तास थांबून, पाणी घालून आम्ही कसेबसे घरी पोहोचलो.

दोन महिन्यांत गाडी तापण्याची ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी गॅरेजवाल्याने रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरले. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट बदलला. आता तो म्हणत होता, "हेड खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आई गप्पच झाली. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. गाडी आठ-दहा दिवस गॅरेजमध्ये पडून राहणे आम्हाला परवडणारे नव्हते, आणि वाटेत बंद पडणे तर त्याहून नाही.

शेवटी आईने मामाला फोन केला. मामा फौजेत ईएमईमध्ये व्हेईकल मेकॅनिक होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला. तो रविवारी आला, चहा घेतला, पण हत्यारांची पिशवी काही उघडेना. त्याने एवढेच विचारले, "दाजी, गाडी तापते कधी? उभी असताना की पळताना?"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. तीनदा गाडी तापली, पण हे कोणी पाहिलेच नव्हते!

मित्रांनो, हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कळायला आधी इंजिनातली उष्णता कुठून कुठे जाते ते पाहावे लागेल. जळणाऱ्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते. उरलेल्या उष्णतेतला मोठा भाग कूलंटला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या पोटातून फिरवतो. इंजिन थंड असते तोवर थर्मोस्टॅट हा दरवाजा बंद असतो. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला त्यातले मेण वितळून फुगते, दरवाजा उघडतो आणि गरम कूलंट रेडिएटरमध्ये जाते. तिथे वारा त्याची उष्णता काढून घेतो. गाडी पळत असली की हा वारा समोरून आपोआप मिळतो. गाडी उभी असली की तो पंख्याने ओढून आणावा लागतो.

आता झाकणाची गोष्ट. आमची शाळा डोंगरावर आहे. उंची दर ३०० मीटरने वाढली की पाणी सुमारे १ अंश आधीच उकळते, म्हणून मेसमध्ये कुकरशिवाय डाळ शिजत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. रेडिएटरचे झाकण नेमके हेच काम करते. हवेच्या दाबावर आणखी १ बार दाब राखला, तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते. ट्रकवाला का ओरडला, ते मला तेव्हा उमगले.

मामाने मला वही दिली आणि म्हणाला, "तू कॅडेट आहेस ना? मग रिपोर्ट लिही. अंदाज नको, जे दिसेल तेच."

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना आम्ही सुरुवात केली. कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये होती. कुठे ओल नाही, होजवर पांढरट डाग नाहीत. मग मामाने आधी हेडची शंका तपासली. तेलाची काडी बाहेर काढली. तेलात कूलंट मिसळले असेल तर ते दुधाळ, चहासारखे दिसते. आमचे तेल स्वच्छ होते. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू केली. हेड गॅस्केट फुटले असेल तर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत राहतात. तेही नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, कूलंट कमी होत नाही. "हेड खोलायला काहीतरी कारण हवं की नको?" मामा म्हणाला.

झाकण लावून गाडी चालूच ठेवली. काटा मध्याजवळ आल्यावर रेडिएटरचा वरचा होज गरम झाला आणि थोड्या वेळाने खालचाही. म्हणजे दरवाजा उघडला होता आणि कूलंट फिरत होते. वरचा होज तापलेला आणि खालचा गारच राहिला असता, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे, असे समजायचे.

मग हायवेवर दहा किलोमीटर चक्कर मारली. काटा मध्यावरून हलला नाही. जोरात पळताना किंवा चढावर गाडी तापली असती, तर संशय तुंबलेल्या रेडिएटरवर, झिजलेल्या पंपावर किंवा घसरणाऱ्या बेल्टवर गेला असता. घरी येऊन गाडी अंगणात उभी ठेवली, इंजिन चालू. नवव्या मिनिटाला काटा वर सरकू लागला. मी वहीत लिहिले : पंखा बंद. मामाने एसी लावला. एसीबरोबर हा पंखा फिरायलाच हवा. तो ढिम्म! मामाने लगेच इंजिन बंद केले.

रोग सापडला होता, आता फक्त जागा शोधायची होती. फ्यूज शाबूत होता. मामाने पंख्याचा प्लग काढला आणि मध्ये फ्यूज घालून बॅटरीवरून थेट वायर दिली. पंखा गर्रकन फिरला, म्हणजे मोटर चांगली. मग त्याने पंख्याचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा रिले बसवला. दोन्हींवर एकच नंबर होता. पुन्हा इंजिन सुरू करून एसी लावला आणि पंखा सुरू झाला. जुना रिले उघडला, तर आतले टोक जळून काळे पडले होते. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू! गॅरेजवाल्याने केलेले कामही वाईट नव्हते. फक्त बिघाड तिथे नव्हता. पण असेच आणखी दोन-चारदा तापवले असते, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकले असते आणि मग ते खरेच खोलावे लागले असते.

रस्त्यात काटा वर चढला तर काय करायचे, तेही मामाने लिहून घ्यायला लावले. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर लावा, तो इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घेतो. सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करा. पंख्याजवळ हात नेऊ नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका, मग अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. अडचणीला साधे पाणी चालते, पण बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात, म्हणून नंतर योग्य कूलंट भरून घ्या.

निघताना मामा म्हणाला, "फौजेत गाडी बाहेर काढायच्या आधी तिची फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, हवा बघितल्याशिवाय चाक हलत नाही." आपण रोज पहाटे परेडला उभे राहतो. घरच्या गाडीला मात्र बंद पडेपर्यंत कोणी विचारत नाही.

सुट्टी संपली. पुण्याला येताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पुन्हा रांग लागली. काटा मध्यावर होता. थोड्या वेळाने बॉनेटखालून पंख्याची घरघर ऐकू आली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त हसले. मी वही काढली आणि वेळ लिहून ठेवली.