पंचवीस फेऱ्या की पाच? (लेखमाला : कर्करोग आणि संशोधन, लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीबद्दल वाचले. 1987 साली सुरू झालेल्या त्या नोंदणीमुळे खेड्यातला कर्करोग आकड्यांत दिसू लागला. आता त्यापुढचा प्रश्न घेऊ. एखाद्या कर्करोग-संशोधकाच्या कामाचा परिणाम किती झाला, हे ठरवायचे कशावरून? संशोधन संस्थांमधले रूढ उत्तर म्हणजे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला. ही मोजणी टाकाऊ नाही, पण उपचारांवरच्या संशोधनाला ती पुरत नाही. उपचार सुरू करून तो शेवटपर्यंत नेणे रुग्णाला किती शक्य झाले, ही त्याहून कडक कसोटी आहे, आणि ती पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांत लावून पाहिली पाहिजे.

उदाहरण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले आहे. तिथले किरणोपचारतज्ज्ञ डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांचे सहकारी मूत्रमार्ग व प्रोस्टेटच्या कर्करोगावर काम करतात. प्रोस्टेटचा कर्करोग ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींत पसरण्याचा धोका मोठा असेल, तर रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यायचे की त्या ग्रंथींनाही, हा जुना वाद. अमेरिका आणि फ्रान्समधल्या आधीच्या चाचण्यांत ग्रंथींना रेडिएशन देण्याचा टिकाऊ फायदा दिसला नव्हता. टाटामध्ये 2011 ते 2017 या काळात 224 रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. फरक असा की, इथे धोका खरोखरच मोठा असलेले रुग्ण निवडले होते आणि बहुतेकांची आधुनिक पेट स्कॅनने तपासणी झाली होती. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पीएसएची (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रक्तात तपासल्या जाणाऱ्या प्रथिनाची) पातळी पुन्हा न चढलेल्या रुग्णांचे प्रमाण ग्रंथींनाही रेडिएशन दिलेल्या गटात 95 टक्के होते, तर फक्त प्रोस्टेटला दिलेल्या गटात 81.2 टक्के. दूरच्या अवयवांत रोग पसरण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी राहिले.

यावरचे आक्षेप वजनदार आहेत. चाचणी एकाच संस्थेतली, रुग्ण मोजके; आणि पाच वर्षांत एकूण जगण्याच्या प्रमाणात (92.5 आणि 90.8 टक्के) म्हणण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय लघवीचे उशिरा उद्भवणारे त्रास ग्रंथींच्या गटात 20 टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्या गटात 8.9 टक्के. हे आकडे झाकून ठेवून कुणी या चाचणीचे गोडवे गाऊ नयेत. भाताच्या खाचरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला लघवीचा त्रास ही किरकोळ बाब नसते. तरीही प्रोस्टेटचा कर्करोग सावकाश चालतो. जगण्यातला फरक दिसायचा तर पाच वर्षांची मुदत अपुरी आहे. रोग उलटला की पुन्हा तपासण्या, पुन्हा औषधे, पुन्हा शहराच्या खेपा सुरू होतात. रोग उलटणे टळले तर तेवढ्यापुरता तो फायदा आजच रुग्णाच्या पदरात पडतो, असे मला वाटते.

मात्र भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने या चाचणीतली सर्वांत मोलाची गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. दोन्ही गटांना उपचार 25 बैठकांत, म्हणजे पाच आठवड्यांत दिला गेला. जुन्या पद्धतीत रोज थोडा डोस देत 37 ते 40 बैठका लागत. बैठकीमागे डोस वाढवून बैठका कमी केल्या तरी चालते, हे ब्रिटनमधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने 2016 मध्ये दाखवले होते. आता हिशेब करू. भोरच्या हिरडस मावळात किंवा वेल्ह्याच्या गुंजण मावळात रेडिएशनचे यंत्र नाही; पुणे गाठावे लागते. भोरपासून पुणे सुमारे 50 किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन 100. चाळीस बैठकांचे 4,000 किलोमीटर होतात, पंचवीसचे 2,500. केळद-पासलीकडचा किंवा हिर्डोशी खोऱ्यातला रुग्ण असेल तर आकडा आणखी वाढतो. सोबत एक माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. आवणीच्या दिवसांत तर घरातला एकही हात मोकळा नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून रेडिएशनचा खर्च भागला, तरी हे बुडलेले दिवस कोण भरून देणार? म्हणूनच त्याच संशोधकांनी हाती घेतलेली पुढची चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यात 25 बैठकांची तुलना फक्त 5 बैठकांशी केली आहे. पाच बैठकांचा उपचार तितकाच सुरक्षित आणि परिणामकारक ठरला, तर 2,500 किलोमीटरचे 500 होतील.

कुणी म्हणेल, वेल्ह्यात (आता राजगड तालुक्यात) रोगाचे निदानच उशिरा होते, तिथे बैठकांचा हिशेब कशाला? निदानाची अडचण खरी आहे. पण उपचार आवाक्याबाहेरचा असेल तर माणूस तपासणीलाही टाळाटाळ करतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून संशोधन संस्थांनी आपल्या अहवालात रुग्ण कोणत्या तालुक्यातला, त्याने किती बैठका पूर्ण केल्या आणि मध्येच सोडल्या असतील तर का, हेही छापावे. आणि वाचकांना एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी दवाखाना गाठा. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे बऱ्याचदा वयाने वाढलेल्या साध्या प्रोस्टेटमुळे असते, पण ते वयावर ढकलण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि पीएसए तपासणी करायची का, हे त्यांना विचारा.