चार्जिंग बंद करायचे, पण कोणी?

२०१६च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एक विचित्र वाद झाला. सॅमसंगला स्वतःचाच फोन निकामी करायचा होता आणि व्हेरायझन ही मोबाइल सेवा देणारी कंपनी तो निकामी करू देईना!

फोन होता गॅलॅक्सी नोट ७. ऑगस्टमध्ये तो बाजारात आला आणि दोनच आठवड्यांत तो पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २ सप्टेंबरला सॅमसंगने फोन बदलून देण्याची घोषणा केली. पण बदलून दिलेले फोनही पेटू लागले. ५ ऑक्टोबरला लुईव्हिल विमानतळावर विमानात बसलेल्या एका प्रवाशाचा असाच नवा फोन धुमसला आणि सगळ्यांना खाली उतरवावे लागले. आठवडाभरात उत्पादनच बंद झाले. भारतात हा फोन विक्रीला आलाच नाही, तरीही विमानात तो सुरू किंवा चार्ज करू नये, असे डीजीसीएने बजावले होते.

लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण पट्ट्या एकमेकींना खेटून गुंडाळलेल्या असतात. मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा आणि सभोवती ज्वलनशील द्रव. पडद्याला भोक पडले, की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया भडकतात, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. हे चक्र एकदा सुरू झाले, की फोन बंद करूनही थांबत नाही. बॅटरी जितकी जास्त चार्ज, तितका भडका मोठा.

दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्यावर सॅमसंगला दोष सापडला. एक नव्हे, दोन! पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात ऋण पट्टी वाकत होती. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगनंतर धातूची टोके राहून गेली होती आणि तीच पडद्यात घुसत होती. म्हणजे बदलून मिळालेल्या फोनमध्ये जुना दोष नव्हता, नवाच होता.

डिसेंबरपर्यंत अमेरिकेतले ९३ टक्क्यांहून अधिक फोन परत आले. उरलेले चार्जच होऊ नयेत, असे अपडेट पाठवायचे सॅमसंगने ठरवले. व्हेरायझनने लगेच नकार कळवला. नाताळच्या प्रवासात ज्याच्याकडे दुसरा फोन नाही, त्याने संकटात मदत कशी मागायची, हा तिचा सवाल होता. सवाल अगदीच गैर नव्हता. पण धोका फक्त मालकाला नव्हता, शेजारी झोपलेल्या मुलाला आणि बसमधल्या सहप्रवाशालाही होता.

अखेर सण आटोपल्यावर, ५ जानेवारीला, व्हेरायझनने अपडेट पाठवले. तरीही काही हजार ग्राहक फोन सोडेनात. मग त्यांचे सगळे कॉल थेट ग्राहकसेवा केंद्राकडे वळवायचे कंपनीने ठरवले. अपवाद एकाच क्रमांकाचा ठेवला: ९११, तिकडचा आपत्कालीन मदतीचा.