हॉटेलवाल्यांचे पावतीपुस्तक

सर्वसामान्य माणसाला हॉटेलमालकांची संघटना आठवते ती वर्षातून फार तर दोनदा. एकदा बंदच्या दिवशी आणि दुसऱ्यांदा चहाचा कप महागल्याची बातमी वाचताना. एरवी रविवारी सकाळी मुलाबाळांना घेऊन डोसा खायला निघालेल्या कुटुंबाला गल्ल्यावर बसलेला माणूस दिसतो, त्याच्या मागे देवाची तसबीर आणि उदबत्ती दिसते आणि तसबिरीशेजारी काचेत बसवलेले चार-पाच परवाने दिसतात. ते परवाने मिळवण्यासाठी, टिकवण्यासाठी आणि त्यांच्या वाढत्या शुल्काशी भांडण्यासाठी कोणीतरी कुठेतरी सभा घेत असते, पत्रे लिहीत असते, वकील लावत असते. त्या 'कोणीतरी'चा खर्च कोण करतो, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही. खरे सांगायचे तर तो बऱ्याच हॉटेलवाल्यांनाही पडत नाही.

मला तो पडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी माझे बारा टेबलांचे उपाहारगृह आहे, वरच्या मजल्यावर नऊ खोल्यांचे लॉज आहे, आणि गेली चौदा वर्षे मी गावच्या हॉटेलमालक संघाचा खजिनदार आहे. अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात. खजिनदार व्हायला कोणी तयार नसते, म्हणून तो टिकतो.

आमचा संघ लहान. याच्या वर मुंबईतली 'आहार' ही १९७९ साली स्थापन झालेली संघटना आहे. उडुप्यांपासून परमिट रूमपर्यंत सारे तिच्यात. पश्चिम भारतातली मोठी हॉटेले 'ह्रावी'त आहेत, तिचे क्षेत्र महाराष्ट्र-गोव्यापासून गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडपर्यंत पसरलेले. अशा चार विभागीय संघटनांचा मिळून १९५५ सालापासूनचा एक अखिल भारतीय महासंघ. आणि १९८२ पासून केवळ रेस्टॉरंटवाल्यांची वेगळी राष्ट्रीय संघटना. इतक्या पायऱ्या कशासाठी, असे कोणी विचारील. सभासदाची अडचण कधी नगरपालिकेत असते, कधी मंत्रालयात आणि कधी दिल्लीत, म्हणून.

माझ्या वडिलांच्या काळी संघाकडून सभासदाला काय हवे असे, ते एका ओळीत सांगता येत असे : माल मिळवून द्या आणि भाव ठरवून द्या. टंचाईचे दिवस होते. साखर, रॉकेल, मैदा यांसाठी पुरवठा अधिकाऱ्याच्या दारात एकेकट्याने उभे राहण्यापेक्षा दहा जणांनी मिळून जाणे शहाणपणाचे होते. आणि चहा, उसळ, भजी यांचे दरपत्रक संघ ठरवी. ते छापून प्रत्येक हॉटेलात टांगले जाई. कोणी पाच पैसे कमी घेतले तर त्याला सभेत बोलावून कानउघाडणी होई. वर्गणी दिली की त्या बदल्यात काय मिळाले ते भिंतीवर दिसत असे!

आज संघाने असे दरपत्रक ठरवले तर तो कायद्याने गुन्हेगार ठरेल. स्पर्धा कायदा २००२ चा. संगनमताने भाव ठरवण्याविरुद्धची त्याची कलमे मे २००९ पासून लागू झाली आणि व्यापारी संघटनाही त्यातून सुटत नाहीत. तरीही दरवर्षी सर्वसाधारण सभेत कोणीतरी ज्येष्ठ सभासद उठतात आणि म्हणतात, "चहाचा भाव एकदा सगळ्यांनी मिळून ठरवून टाका." मी दरवर्षी तेच उत्तर देतो. ते दरवर्षी तोच प्रश्न विचारतात : "मग वर्गणी कशासाठी?"

प्रश्न चुकीचा नाही. मालटंचाई संपली, भाव ठरवणे बंद झाले आणि त्या जागी आले कागद. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला, तेव्हा गावातल्या निम्म्या खानावळवाल्यांना नोंदणी आणि परवाना यांतला फरक माहीत नव्हता. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित देखरेख करणारा हवा, हेही पुढे आले. जून २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी अमलात आली आणि सांबार पार्सल कशात द्यायचे, हा एक राष्ट्रीय प्रश्न असल्यासारखी चर्चा आमच्या कार्यालयात तीन संध्याकाळी चालली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जणांचा जीव गेला, त्यानंतर अग्निशामक तपासणी सर्वत्र कडक झाली. ती व्हायलाच हवी होती. पण वीस फुटांच्या गाळ्यात दुसरा दरवाजा कुठून काढायचा, हे सांगणारा माणूस सभासदाला हवा असतो. असा माणूस फुकट मिळत नाही. पूर्वी संघाला एक चांगला बोलणारा अध्यक्ष पुरत असे, आता करसल्लागार लागतो, वकील लागतो, अर्ज ऑनलाइन भरणारा एक मुलगा लागतो.

करांचे उदाहरण घ्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा साध्या उपाहारगृहाला १२ आणि वातानुकूलित असेल तर १८ टक्के दर होता. देशभरातल्या संघटनांनी ओरड केली आणि त्याच वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून दर ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक खूष झाले. मात्र त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. माझ्यासारख्याचे फारसे बिघडले नाही. गाळा स्वतःचा, भाजी मंडईतली, तिच्यावर कर नाही. पण मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये जो महिन्याला लाखो रुपये भाडे देतो, त्याला त्या भाड्यावरचा १८ टक्के कर सोसावा लागतो आणि वळता करून घेता येत नाही. तो म्हणतो, वजावट परत द्या, मग दर थोडा वाढला तरी चालेल. मी म्हणतो, ५ टक्के राहू द्या. दोघेही हॉटेलवाले. खोल्यांच्या बाबतीत सप्टेंबर २०२५ मध्ये तेच झाले : साडेसात हजारांपर्यंतच्या भाड्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि वजावट गेली. आता संघटनेने निवेदन लिहायचे ते कोणाच्या बाजूने? ज्याची वर्गणी जास्त त्याच्या की ज्यांची संख्या जास्त त्यांच्या?

वर्गणीच्या प्रश्नाचे खरे मूळ इथे आहे. ते उगाळून सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कोणत्याही व्यापारी संघटनेला पैसे तीन वाटांनी येतात. पहिली वाट प्रवेशशुल्क आणि वार्षिक वर्गणीची. ती सर्वांत सन्मानाची आणि सर्वांत तुटपुंजी. आमच्याकडे ती वर्षानुवर्षे पाचशे रुपये होती, आणि तीही वसूल करायला माणूस तीनदा पाठवावा लागे. दुसरी वाट स्मरणिकेची : वर्धापनदिनाला जाडजूड अंक काढायचा आणि मसालेवाले, तेलवाले, शीतपेयांचे वितरक, भांडी विकणारे यांच्या जाहिराती मिळवायच्या. अंक कोणी वाचत नाही. पानभर जाहिरात देणारासुद्धा फक्त आपले पान पाहतो. तिसरी वाट प्रायोजकाची. अधिवेशन भरवा, प्रदर्शन भरवा आणि मंचामागच्या फलकावर कंपनीचे नाव लावा. मोठ्या संघटनांचा डोलारा या तिसऱ्या वाटेवर बराच तोललेला असतो. त्यात गैर काही नाही. इडलीचे पीठ दळणारे यंत्र विकणारा माणूस आमच्या मेळाव्याला पैसे देतो, कारण त्याला गिऱ्हाईक तिथे भेटते. हा सरळ व्यवहार झाला.

तो वाकडा होतो तो पैसे देणाराशीच भांडण असते तेव्हा. घरपोच खाणे पोचवणाऱ्या कंपन्या शंभरातले वीस-पंचवीस रुपये दलाली घेतात, ही छोट्या हॉटेलवाल्याची आजची सर्वांत मोठी तक्रार आहे. राष्ट्रीय रेस्टॉरंट संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. लॉजवाल्यांचे गाऱ्हाणे खोल्यांचे आरक्षण करणाऱ्या कंपन्यांबद्दल होते; महासंघाच्या तक्रारीवरून त्याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो गटाला २२३ कोटींच्या वर आणि ओयोला १६८ कोटींच्या वर दंड सुनावला. नऊ खोल्यांचा मालक एकटा हे करू शकला असता का? त्याला त्या कंपनीचा फोनसुद्धा लागत नाही, यंत्र बोलते. संघटना असण्याचे याहून चांगले समर्थन मला सुचत नाही.

आणि संघटना प्रत्येक वेळी सर्वांच्या मनातलेच भांडते असेही नाही. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट्स असोसिएशन' या नावाचा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१३ चा निकाल डान्सबारबंदीविरुद्धचा आहे. ती असोसिएशन म्हणजे आपली 'आहार'. इडली-वडा विकणारा सोवळा सभासद आणि बार चालवणारा सभासद एकाच नावाखाली न्यायालयात उभे! डिसेंबर २०१७ मध्ये महासंघाने बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकण्याचा हक्क मिळवला. जिंकलेला खटला, पण माझ्या बायकोनेच मला विचारले, "हे बरोबर आहे का?" सेवाशुल्काच्या बाबतीत उलटे झाले. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांविरुद्ध महासंघ आणि रेस्टॉरंट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी त्या हरल्या, वर प्रत्येकी एक लाखाचा भुर्दंड पडला. माझ्या गावात एकही हॉटेल सेवाशुल्क लावत नाही. पण टेबल पुसणाऱ्या मुलाला गिऱ्हाइकाने सुटे पैसे ठेवले तर तो ते खिशात टाकतो, इतका आमचा त्या विषयाशी संबंध.

वर्गणी खऱ्या अर्थाने आटली ती २०२० मध्ये. मार्चअखेर शटर खाली गेले ते बसून खाण्यासाठी ५ ऑक्टोबरला उघडले, तेही निम्म्या क्षमतेने. पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद. त्या दोन वर्षांत संघाकडे जितके फोन आले तितके आधीच्या दहा वर्षांत आले नव्हते. भाडे कसे भागवू, कामगार गावी गेले, कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येईल का, परवान्याचे शुल्क माफ होईल का? आणि त्याच दोन वर्षांत पावतीपुस्तक जवळजवळ कोरे राहिले. स्टँडजवळचे अण्णा, चाळीस वर्षांचे सभासद, दुकान बंद करून गावी परत जाताना थकलेली पाचशे रुपयांची वर्गणी भरून गेले. "हिशेब बाकी ठेवून जाऊ नये," म्हणाले. ती पावती फाडताना माझा हात जड झाला होता, हे कबूल करतो.

त्यानंतर आम्हाला पैशाचा विचार मुळापासून करावा लागला. अशाच वेळी घरपोच सेवा देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. मेळाव्याचा सगळा खर्च आम्ही करू, कार्यालयाला संगणक देऊ, सभासदांना प्रशिक्षण देऊ. बदल्यात फक्त फलक आणि सभासदांची यादी. 'फक्त' हा शब्द त्याने दोनदा वापरला. कार्यकारिणीत दोन तट पडले. तरुण सभासदांचे म्हणणे, आपण धंदा त्यांच्याबरोबर करतोच आहोत, मग पैसे घ्यायला लाज कसली? या बोलण्यात तथ्य होते. एक म्हातारे काका तेवढे म्हणाले, "उद्या त्यांच्याविरुद्ध पत्र लिहायचं झालं तर ते त्यांच्याच संगणकावर टाइप करणार काय?" सगळे हसले आणि प्रस्ताव बारगळला.

पण हसून पैसे येत नाहीत. मी वर्गणी टेबलांच्या आणि खोल्यांच्या संख्येवर लावण्याची योजना मांडली. जास्त टेबले, जास्त वर्गणी. मत मात्र प्रत्येकाचे एकच. मोठ्या हॉटेलवाल्यांनी नाक मुरडले, पैसे आम्ही द्यायचे आणि ठराव टपरीवाल्यांनी करायचे का, असे एकाने तोंडावर विचारले. मी त्यांना जीएसटीचा वर सांगितलेला तिढा समजावला : ज्या दिवशी मते टेबलांवर मोजली जातील, त्या दिवशी लहान सभासद बाहेर पडतील आणि मग मंत्रालयात जाताना 'आम्ही इतके जण आहोत' असे सांगायला कोणी उरणार नाही. मोठ्याला लहानाची संख्या हवी असते, लहानाला मोठ्याचा पैसा. हे उघड बोलले की दोघांचाही अपमान होतो, तरी मी बोललो. योजना सात मतांनी मंजूर झाली. दोन मोठी हॉटेले संघ सोडून गेली. त्यांतले एक सहा महिन्यांनी अग्निशामक तपासणीची नोटीस घेऊन परत आले.

वर्गणीवरच्या कराचा घोळ आहे तो वेगळाच. संस्थेने आपल्याच सभासदांना दिलेल्या सेवेवर कर नसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या जुन्या करांच्या खटल्यात धरले, तर २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटीत तो २०१७ पासून पूर्वलक्षी लावला. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. आमची उलाढाल वीस लाखांच्या कितीतरी खाली, म्हणून आम्ही त्यातून वाचलो. गरिबीचा हा एक फायदा.

मध्यंतरी संघाच्या कार्यालयात तीन स्त्रिया आल्या होत्या. घरच्या स्वयंपाकघरातून डबे आणि थाळ्या करतात, सारी विक्री फोनवर. अन्नसुरक्षेची नोंदणी रीतसर केलेली. त्यांना संघात यायचे आहे, कारण दलालीची तक्रार त्यांचीही तीच आहे, आणि मोठे हॉटेल निदान कंपनीशी घासाघीस करते, यांना तेही जमत नाही. मी त्यांच्यापुढे नवा छापील अर्ज ठेवला. त्यातला तिसरा रकाना आहे 'टेबलांची संख्या', चौथा 'खोल्यांची संख्या'. त्यांनी दोन्हीकडे शून्य लिहिले आणि विचारले, मग आमची वर्गणी किती? येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो प्रश्न पहिल्या क्रमांकाला आहे. गणसंख्या भरली तर सुटेल.