मोटारसायकलची मागील स्प्रिंग व तिचा पूर्वदाब

हजीरा येथे समुद्रकाठी आरंभ पावणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ सुरत, सोनगड, नवापूर या वाटेने खानदेशात शिरतो आणि धुळे, जळगाव, नागपूर करीत थेट ओडिशातील पारादीप बंदरास जाऊन मिळतो. सुरतेतील पुष्कळ मराठी कुटुंबांचे मूळ गाव याच रस्त्याच्या आसपास असल्यामुळे आखाजीला किंवा लग्नसराईत मोटारसायकलवरून घरी जाणारे तरुण येथे थोडे नाहीत. एरवी ती मोटारसायकल एकट्या स्वारास घेऊन हजीऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जाते. सणाला मात्र तिच्यावर धाकटा भाऊ बसतो, वर दोन पिशव्या चढतात. वजन बदलते, परंतु मागील स्प्रिंग आहे तशीच राहते. मग कोंडाईबारी घाटाच्या वळणावर गाडी आपली बाजू सोडून बाहेर पसरू लागते आणि समोरून ट्रक येत असतो. हे टाळण्याचे एक साधन प्रत्यक्ष गाडीतच बसविलेले असते. त्याचीच माहिती आम्ही येथे देत आहोत.

मागील चाक ज्या दांड्यास जोडलेले असते, तो दांडा व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये शॉकॲब्सॉर्बर असतो. कारागीर त्यास 'शॉकअप' म्हणतात. त्याच्या बाहेर स्प्रिंग असते व आत तेल. स्प्रिंग भार पेलते. तेल तिची उसळी आवरते. पूर्वी असे दोन शॉकॲब्सॉर्बर चाकाच्या दोन्ही बाजूंस असत व आजही कित्येक गाड्यांना असतात. मधोमध एकच दणकट शॉकॲब्सॉर्बर बसविण्याची बेल्जियमच्या ल्युसियाँ टिल्केन्स यांची कल्पना यामाहा कंपनीने उचलली आणि १९७३ साली तिच्या बळावर मोटोक्रॉसचे २५० सीसी वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएमच्या शर्यती धाटणीच्या गाड्यांत हीच रचना आढळते. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे शॉकॲब्सॉर्बर बनविण्याचा मोठा उद्योग आहे, हेही विद्यार्थ्यांस ठाऊक असावे.

गाडीत बसविताना स्प्रिंग तिच्या मूळ लांबीपेक्षा थोडी दाबूनच बसवितात. या आगाऊ दाबास 'प्रीलोड' म्हणतात. आम्ही त्यास पूर्वदाब म्हणू. स्प्रिंगच्या एका टोकाशी असलेले कडे फिरवून तो कमीजास्त करता येतो.

येथेच एक गैरसमज फार पसरलेला आहे. कडे आवळले की स्प्रिंग 'कडक' होते, असे गाडीवाले व कित्येक कारागीरही सांगतात. हे खरे नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला, जेणेकरून शोध आपल्या नावावर राहावा व दुसऱ्यास तो कळूही नये; १६७८ साली त्याने ते कोडे उलगडले. (शास्त्रज्ञही किती सावध असतात!) भार जितक्या पटीने वाढेल तितक्याच पटीने स्प्रिंग दबेल, हा तो नियम. एक मिलिमीटर दबण्यास किती भार लागावा, हे तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या व व्यास यांवर ठरते. कडे फिरविल्याने यांपैकी काहीच बदलत नाही.

मग बदलते काय? एक हिशेब मांडू. एका स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबण्यास ८ किलो भार लागतो असे धरा. चाक २ मिलिमीटर वर सरकले की शॉकॲब्सॉर्बर १ मिलिमीटर आखडतो असेही धरा. म्हणजे तरफेच्या नियमाने चाकावरील भाराच्या दुप्पट भार स्प्रिंगवर येईल. स्वारासह मागील चाकावर १२० किलो आले, तर स्प्रिंगवर २४० किलो येतील व ती एकूण ३० मिलिमीटर दबेल. पैकी १० मिलिमीटर पूर्वदाब आधीच दिलेला आहे. उरले २०, म्हणून गाडीचा मागील भाग चाकाच्या मानाने ४० मिलिमीटर खाली बसेल. या बसण्यास आम्ही 'बैठक' म्हणतो. पूर्वदाब १४ केला तर बैठक ३२ होईल. पुढचा प्रत्येक मिलिमीटर मात्र पूर्वीप्रमाणेच ८ किलोंनीच दबेल. पूर्वदाबाने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव नव्हे.

आता मागे ६० किलोंचा भाऊ बसला. त्याचा जवळजवळ सर्व भार मागील चाकावरच येतो. स्प्रिंगवर १२० किलो अधिक, म्हणजे आणखी १५ मिलिमीटर, म्हणजे चाकापाशी ३०. बैठक ४० वरून ७० वर गेली. चाकाची एकूण हालचाल १३० धरली तर निम्म्याहून अधिक उभ्या गाडीतच संपली. खड्डा आला की शॉकॲब्सॉर्बर तळाला आपटणार. मागचा भाग बसल्याने पुढचा उचलला जातो. हँडल हलके व मंद होते, गाडी वळणात बाहेर ओढते आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

बैठक पुन्हा ४० वर आणण्यास पूर्वदाब २५ हवा. इतका वाव बहुधा नसतो, तरी जितका असेल तितका घ्यावा. मात्र घरी पोहोचून भाऊ उतरल्यावर कडे तसेच ठेवले, तर एकट्या स्वाराची बैठक अवघी १० राहील. मग चाकास खड्ड्यात खाली उतरण्यास जागाच उरत नाही व ते क्षणभर रस्ता सोडते. वळणावर हे तितकेच वाईट. आम्हां कोकणी लोकांच्या गोव्यात मोटारसायकलवर उतारू नेणाऱ्यास 'पायलट' म्हणतात. त्याची गाडी पुढच्या पिवळ्या मडगार्डवरून ओळखू येते. त्याच्यामागे दिवसभर कोणी ना कोणी बसलेले असते, म्हणून त्याने कडे आवळून ठेवले तर ते समजू शकते. पाळीवर एकट्याने जाणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये.

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचे परवान्याचे वय झालेले नाही; पण मोजपट्टी धरण्यास परवाना लागत नाही. मागील चाक अधांतरी करून चाकाच्या आसापासून शेपटीवरील एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी दोन्ही चाकांवर उभी करून मोजावे; शेवटी स्वार नेहमीच्या कपड्यांत, शिरस्त्राणासह बसवून. पहिल्यातून तिसरे वजा केले की स्वारासह बैठक मिळते. रस्त्यावरील शर्यती धाटणीच्या गाडीस ती साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावी. पहिल्यातून दुसरे वजा केल्यास रिकामी बैठक कळते. ती ५ ते १५ असावी. सांध्यांच्या घर्षणामुळे माप फसवे येते, यास्तव एकदा गाडी दाबून सोडावी व एकदा उचलून सोडावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी.

या दोन मापांचा मेळ फार बोलका असतो. स्वारासह बैठक योग्य आली, पण रिकामी बैठक शून्य निघाली, तर स्प्रिंग त्या स्वारास नरम आहे; केवळ आवळून तिच्याकडून काम करवून घेतले जात आहे. उलट रिकामी बैठक फार निघाली तर स्प्रिंग जास्त कडक आहे. दोन्ही प्रसंगी इलाज कड्यात नाही; स्प्रिंगच बदलावी लागते.

फिरविण्याचे काम घरचे मोठे माणूस जवळ असता, सायलेन्सर थंड झाल्यावर व मागील चाकावरचा भार काढून करावे. हजीऱ्याच्या खाऱ्या हवेत आटे लवकर गंजतात. ते आधी ब्रशने घासून घ्यावेत, नाहीतर कडे अडते व पाना निसटून बोटे सोलतात. काही गाड्यांत पायऱ्यांचे कडे असते. ते गाडीच्या हत्यारांतील आकडेवजा पान्याने एकेक पायरी फिरवावे. आट्यांचे दुहेरी कडे असल्यास वरचे कुलूपकडे प्रथम सैल करावे, आणि काम झाल्यावर ते परत घट्ट करण्यास विसरू नये. शॉकॲब्सॉर्बर मात्र उघडू नये; कित्येकांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. उंची बदलली की साखळीचा ढिलेपणा व दिव्याचा झोतही बदलतो, म्हणून तेही पाहावेत. मूळची पायरी कोणती होती, ते वहीत लिहून ठेवावे. परतीच्या दिवशी ती लागते.