पोर्ट मोठा, दम छोटा!

मित्रांनो, "पोर्ट घासून मोठा केला की गाडी पळते" हे गॅरेजमधलं ब्रह्मवाक्य मीही खरं मानलं होतं. प्रोजेक्टसाठी १०० सीसी बाईकचं हेड काढलं आणि २० मिमीचा इनटेक पोर्ट घासून २३ चा केला. गाडी जोडली, तर कॉलेजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकायला लागली!

चुकलं कुठे? हिशेब सोपा आहे. व्यास २० चा २३ झाला की क्षेत्रफळ ३२ टक्के वाढतं. म्हणजे तेवढीच हवा जाताना तिचा वेग जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो. आता गंमत बघा. पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. वेगात आलेली हवा तेव्हाही आपल्या जोरावर आत घुसते. मंद हवा मात्र कमी आरपीएमला उलटी ढकलली जाते. सिलिंडर अर्धपोटीच राहतो.

खरा अडथळा बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या तोंडाशी असतो. तिथे हवेला वळावं लागतं. आतल्या बाजूचं वळण फार तीव्र असेल, किंवा सीटखाली कास्टिंगची धार राहिली असेल, तर हवा भिंत सोडते आणि भोवरे होतात.

दुसऱ्या हेडला मी व्यासाला हातच लावला नाही. फक्त धार काढली आणि वळण हलक्या हाताने गोलसर केलं. तोच चढ, तोच गिअर, गाडी आरामात वर!

तेव्हा दोस्तहो, किती घासलं यापेक्षा कुठे घासलं हे महत्त्वाचं. घासलेलं अॅल्युमिनियम काही परत येत नाही!