मास इफेक्ट ३ : एवढे निर्णय घेतले, शेवटी हाती काय?

बायोवेअरच्या या व्हिडिओ गेम मालिकेची खरी ताकद तुमचे निर्णय पुढच्या भागात नेणाऱ्या सेव्ह फाइलमध्ये आहे. पहिल्या भागात (२००७) व्हरमायर ग्रहावर रेक्स या क्रोगन वंशाच्या सोबत्याची समजूत घातलीत, तर तिसऱ्या भागात तोच क्रोगनांचा नेता म्हणून भेटतो. तो मेला असेल, तर त्याच्या जागी सूडाने पेटलेला रीव्ह! मग क्रोगनांना त्यांची जननक्षमता घटवणाऱ्या जेनोफेजमधून मुक्त करावं का, हा प्रश्नच बदलून जातो.

म्हणूनच मार्च २०१२मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाचा शेवट जिव्हारी लागला. लाल, निळा, हिरवा असे तीन पर्याय, आणि दृश्यं जवळपास सारखीच. चाहते भडकले. जूनमध्ये ‘एक्स्टेंडेड कट’ हा वाढीव शेवट मोफत आला. सोबत्यांचं पुढे काय झालं ते कळलं, तिन्ही पर्याय नाकारण्याची मुभाही मिळाली.

शेवट दुःखद असला तरी चालेल, पण खेळाडूच्या निर्णयांची दखल त्यात दिसायलाच हवी. मालिका मात्र जरूर खेळा!